यवतमाळची ओहोटी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. कुठलेही बंदर गाठायचे तर एक रात्र तरी प्रवासात जाते. पण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, वावरातल्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि रस्त्याकडेचा पळस फुलायला लागलेला असतो, तेव्हा बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाच्या बॅकवॉटरला सकाळी उभे राहावे. बंदराकाठच्या सगळ्या खुणा एकेक करून दिसू लागतात. पाणी मागे सरकलेले, पुढे चिखलाचा रुंद पट्टा, त्यावर तुरुतुरु धावणारे टिलवे, घोटाभर पाण्यात लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, त्यामागे खोल पाण्यावर बदकांची काळी रांग. काठाला मासेमारांची जाळी वाळत पडलेली आणि त्या जाळ्यांवर घारींची नजर. खारा वारा तेवढा नसतो.

समुद्राला दिवसातून दोनदा ओहोटी लागते. यवतमाळच्या जलाशयांना वर्षातून एकदाच लागते आणि ती सात-आठ महिने चालते. सप्टेंबर-ऑक्टोबरात धरणे भरतात. मग रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुटतात, काठावरच्या मोटारी सुरू होतात, नळयोजना पाणी उचलतात, फेब्रुवारीपासून ऊन तापू लागते आणि पाणी रोज थोडेथोडे उतरत जाते. बेंबळा, दिग्रसजवळचे अरुणावती, पुसदचे पूस, महागावकडचे निम्न पूस, पैनगंगेवरचे ईसापूर, यवतमाळ शहराची तहान भागवणारे निळोणा आणि चापडोह, शिवाय गावोगावचे सिंचन तलाव आणि पाझर तलाव, सगळ्यांची गत तीच. शेतकऱ्याला आणि पाणीपुरवठ्याच्या माणसाला ही उतरती पातळी काळजीत टाकते. परदेशातून आलेल्या पाखरांचा हंगाम मात्र तिच्यावरच उभा असतो.

ओहोटीवर जगणारे पक्षी म्हटले की महाराष्ट्रात पहिले नाव निघते शिवडीचे. मुंबईच्या हार्बर मार्गावर शिवडी स्टेशनात उतरून जेटीकडे चालत गेले की बंदराच्या आतल्या अंगाची दलदल लागते. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मेपर्यंत तिथे रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. भरती चढली की ते तिवरांच्या कडेला सरकतात आणि पाणी उतरू लागले की चिखलावर पसरतात. म्हणून शिवडीला जाणारा माणूस घड्याळाआधी भरती-ओहोटीचे कोष्टक बघतो. गेल्या काही दशकांत हे रोहित मुंबईचे मानचिन्ह झाले. 2015 साली ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू याच शिवडीच्या चिखलावरून समुद्रात शिरतो, आणि त्याचे काम चालू असताना पक्ष्यांचे काय होणार ही चर्चा वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून होत राहिली.

ही चर्चा झाली, कारण शिवडीला पाहणारे होते. शहराच्या दारात, लोकलच्या अंतरावर, दुर्बिणी घेऊन माणसे उभी होती. त्यांनी नोंदी ठेवल्या, फोटो काढले, आकडे मांडले. यवतमाळच्या ओहोटीला असे पाहणारे फार थोडे आहेत. या लेखाचा सगळा मुद्दा हाच आहे.

या जिल्ह्याच्या पाण्याचे समुद्राशी नाते आहेच, फक्त ते लांबून जुळते. बेंबळा नदी वर्धेला मिळते. दक्षिणेच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा वणी तालुक्याच्या टोकाला वर्धेतच जाते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत उतरते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते ती आंध्रातल्या काकीनाड्याच्या परिसरात. तिथे बंदर आहे, त्याच्या शेजारी कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे, आणि त्या चिखलावर हिवाळ्यात किनारी पक्ष्यांचे मोठे थवे असतात. पाण्याच्या वाटेने पाहिले तर यवतमाळचे बंदर काकीनाडा. आकाशाच्या वाटेने मात्र जिल्ह्याचे नाते आणखी लांब, थेट सैबेरियाच्या टुंड्रापर्यंत पोचते.

टिलव्याकडे जरा जवळून पाहावे. इवलासा करडा पक्षी, चिमणीएवढा, वजन 20 ते 30 ग्रॅम. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात त्याचा जन्म होतो आणि तिथला तोकडा उन्हाळा संपताच तो दक्षिणेकडे निघतो. बेंबळ्याच्या काठी तो दिसतो तेव्हा क्षणभर उभा राहत नाही. पळतो, थांबतो, चोच चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर खुपसतो, पुन्हा पळतो. अशा किनारी पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी हाडात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणाऱ्या संवेदी पेशी असतात. चिखलाखाली अळी हलली की ती चोचीला कळते, डोळ्यांनी दिसण्याची गरज पडत नाही. मासेमार आणि गुराखी त्याला वेगळे असे नावही देत नाहीत, सगळ्या चिखलपाखरांना एकच नाव. पण याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा 'वॉकर' वाघ 2019मध्ये रेडिओ कॉलर घालून सुमारे 3,000 किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला तेव्हा जगभर बातमी झाली, आणि त्याच जिल्ह्यातल्या तलावाकाठून हा मूठभर पक्षी दरवर्षी त्याहून कितीतरी लांबचा पल्ला जातो-येतो. त्याचेही कौतुक व्हायला हवे.

चिखलात काय आहे, हे पाहिले की एवढी पाखरे तिथे का जमतात ते कळते. पाण्याखाली गेलेल्या जमिनीवर पावसाळाभर गवत, पाने, धसकटे कुजतात. त्यावर चिलटांच्या लाल अळ्या, बारीक शंख, गांडुळांच्या जातीचे किडे पोसले जातात. पाणी खोल असते तोवर ते सगळे बुडी मारणाऱ्या पक्ष्यांच्या वाट्याला. पाणी उतरते तसा तो साठा उघडा पडतो. काठाचा उतार सौम्य असेल तर पाणी बोटभर उतरले तरी दोन-चार पावलांचा ताजा, ओला पट्टा मिळतो. रोज नवे ताट वाढले जाते आणि कालचा पट्टा सुकून भेगाळतो. म्हणून पाखरे सतत पाण्याच्या रेषेबरोबर आत सरकत जातात. ज्यांना हा हिशेब माहीत आहे ते पक्षिमित्र धरणाच्या भिंतीकडे फिरकतच नाहीत. भिंतीजवळ पाणी खोल. ते सरळ बॅकवॉटरच्या शेपटाकडे जातात, जिथे नाला जलाशयात शिरतो.

एका पट्ट्यावर इतके प्रकार जमूनही भांडणे कमी होतात, याचे कारण पायांच्या आणि चोचींच्या लांबीत आहे. कोरड्या कडेला धोबी आणि कंठेरी चिखल्या. ओल्या चिखलात टिलवे आणि तुतवार. घोटाभर पाण्यात शेकाटे. त्याहून पुढे, कधी नशीब असेल तर, वर वळलेल्या चोचीचे उचाटे पाणी डावी-उजवीकडे झाडत चाललेले. मग थापट्या बदके, ज्यांच्या फावड्यासारख्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दात असतात आणि पाणी गाळून ती त्यातले जीव घेतात. तरंग बदक शेपूट वर करून अर्धे बुडते. सर्वात खोलवर लालसरी, जी पुरती बुडी मारते. आणि या सगळ्यांच्या मधून काळे वारकरी, कपाळावर पांढरा टिळा लावून, आपल्या दिंडीत चाललेले.

फाल्गुन लागला की या थव्यांची चाल बदलते. जानेवारीत दुपारी पाण्यावर झोपा काढणारी बदके आता दिवसभर खात सुटतात. दिवस मोठा होत चालल्याची खूण त्यांच्या शरीराला मिळते, अंगावर चरबी साठू लागते, आणि तीच चरबी पुढच्या उड्डाणाचे इंधन असते. नरांची पिसे उजळतात. चक्रवाकांच्या जोड्यांत नराच्या गळ्याभोवती काळी कंठी उमटते. सायंकाळी थवे उगाच उठतात, जलाशयावर एक-दोन चकरा मारतात, पुन्हा बसतात. मग एका सकाळी काठ निम्मा रिकामा दिसतो. जाणारी पाखरे बहुतेक रात्रीच निघतात, त्यामुळे त्यांचा निरोप कुणी पाहत नाही. त्यांचे जाणे फक्त नोंदवहीतून कळते: मागच्या रविवारी होती, या रविवारी नाहीत.

यातल्या सर्वात नामांकित पाहुण्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी हंस, विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर हिवाळ्यात येतो. त्याची वीण मंगोलिया, तिबेटचे पठार आणि लडाखमध्ये होते. म्हणजे दर वसंतात त्याला हिमालय ओलांडावाच लागतो. शास्त्रज्ञांनी या हंसांना ट्रान्समीटर लावून मागोवा घेतला तेव्हा 7,000 मीटरहून अधिक उंचीची नोंद मिळाली. पण त्याहून महत्त्वाचे निरीक्षण वेगळे होते. हे हंस एकदा उंची गाठून सरळ उडत नाहीत, डोंगराच्या चढउतारांबरोबर वर-खाली होत जातात, कारण खालची दाट हवा पंखांना जास्त आधार देते. रात्रीची आणि पहाटेची थंड हवाही त्यांना त्यासाठीच सोयीची. इथे असताना दिवसा ते जलाशयाच्या मध्यावर किंवा उघड्या टापूवर विश्रांती घेतात आणि अंधारात काठावरच्या हरभऱ्यात, गव्हात, कोवळ्या गवतात चरायला उतरतात. त्यामुळे शेतकऱ्याचा थोडा राग त्यांच्यावर असतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

बदके निघायच्या बेतात असतात त्याच आठवड्यांत काठापासून जरा आत, रानात, दुसरा मेळा भरतो. पळस आणि काटेसावर पूर्ण बहरात येतात आणि त्यांवर पळसमैनांचे थवे तुटून पडतात. गुलाबी अंग, काळे चमकदार डोके आणि पंख. फुलांतला रस पिताना त्यांच्या कपाळाला पराग लागतो आणि या झाडावरून त्या झाडावर जातो. त्यांना भोरड्या म्हणूनही ओळखतात, आणि ज्वारीच्या राखणदाराला त्या नकोशा असत. मचाणावर उभे राहून गोफण फिरवणारी पोरे ज्यांच्यासाठी असत त्यांत या भोरड्या होत्या. जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीन वाढले, ज्वारी आटली, गोफणीही गेल्या. भोरड्या मात्र अजून येतात. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे परततात आणि तिथल्या गवताळ मुलखात टोळांवर पिल्ले वाढवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून देतात. इकडे पिकाचा चोर, तिकडे पिकाचा राखणदार, पक्षी एकच. सूर्य मावळताना जलाशयाकाठच्या बाभळीत किंवा पाणकणसात त्यांचा मुक्काम पडतो तेव्हा हवेत गोळा होणारा, फुटणारा, पुन्हा जुळणारा तो थवा पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही.

बंदरावर जशी मासे उतरवण्याची जागा असते तशी या धरणांवरही असते. मासेमारीचा ठेका बहुधा मच्छिमार सहकारी संस्थेकडे, काम करणारे बरेचसे भोई समाजाचे. पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावरून किंवा छोट्या होडीतून रात्रीची जाळी ओढली जातात, कटला, रोहू, मृगळ वजनकाट्यावर जातात, बारीकसारीक मासळी काठावर पडते. घारी, बगळे, पाणकावळे तिथे ठरल्या वेळी हजर होतात. आणि कधीकधी उंचावर, एकटा, कैकर दिसतो. पांढरे पोट, डोळ्यावरून गेलेली गडद पट्टी. तो कुणाच्या उरलेल्यावर जगत नाही. पाण्यावर क्षणभर पंख मारत थबकतो, मग पाय पुढे करून सरळ पाण्यात कोसळतो. त्याच्या पायाचे बाहेरचे बोट मागे वळते, त्यामुळे निसरडा मासा दोन बोटे पुढून आणि दोन मागून पकडता येतो. तळव्याला काट्यासारखे खरखरीत उंचवटेही असतात. वर उठल्यावर तो मासा डोके पुढे करून धरतो, म्हणजे वारा कमी अडतो. जगाच्या कितीतरी बंदरांवर हा पक्षी ओळखीचा आहे, आणि हिवाळ्यात तो या कापसाच्या मुलखातही मासा उचलताना दिसतो.

मासेमारांचे आणि पाखरांचे जमते, पण एका गोष्टीने घात होतो: फाटलेली तंगुसाची जाळी. नायलॉनचा हा धागा वर्षानुवर्षे कुजत नाही. पाणी उतरले की झुडपांना, खुंटांना अडकलेले त्याचे तुकडे उघडे पडतात, आणि टिबुकल्या, पाणकावळे, शेकाटे त्यात पाय गुंतवून बसतात. संस्थेने हंगामात एकदा जरी मोडकी जाळी गोळा करून घेतली तरी बरेच जीव वाचतील. खर्च जवळपास काहीच नाही.

मार्चच्या मध्यानंतर परदेशी पाहुणे पांगतात आणि घरची मंडळी विणीला लागतात. यात सर्वात जपावा असा पक्षी म्हणजे नदी सुरय. पिवळी चोच, तांबडे पाय, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपूट. समुद्रावरच्या सुरयांचा हा नदीतला भाऊबंद. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत 2020 पासून तो 'असुरक्षित' गटात आहे. नद्यांची वाळू गेली, वाळूची बेटे गेली, तसा तो धरणांच्या उघड्या टापूंवर वीण करू लागला. घरटे म्हणजे उघड्या रेतीतला नुसता खळगा. त्यात वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची दोन-तीन अंडी. दहा पावलांवरूनही दिसत नाहीत, पाय पडायला वेळ लागत नाही. एप्रिलच्या उन्हात सुरयाचे अंड्यांवर बसणे हे ऊब देण्यासाठी नसते, सावली देण्यासाठी असते. मध्येच तो पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतो आणि अंड्यांवर ओल धरतो. कुणी फोटोसाठी टापूवर गेले, सुरय अर्धा तास वर घिरट्या घालत राहिला, की दुपारच्या तापलेल्या रेतीवर ती अंडी उकडून निघतात.

टापूची आणखी एक अडचण आहे. ज्या ओहोटीने हे बेट वर येते, तीच ओहोटी पुढे त्याला काठाशी जोडून टाकते. मधला पाण्याचा पट्टा आटला की कुत्री, कोल्हे, गुरे सरळ चालत आत जातात. धरणातून पाणी कधी आणि किती सोडले जाते, यावर म्हणून एका पक्ष्याची वर्षाची वीण ठरते. सिंचनाचे वेळापत्रक पाखरांसाठी बदला, अशी मागणी इथे कुणी करू नये. शहराची तहान काय असते ते यवतमाळकरांनी 2018च्या उन्हाळ्यात, निळोणा-चापडोह आटल्यावर, चांगलेच सोसले आहे. पण कोणत्या टापूवर सुरय बसतात हे माहीत असेल तर तेवढ्या महिना-दीड महिन्यापुरते त्या टापूच्या वाटेवर माणसांना आणि कुत्र्यांना रोखता येते. त्यासाठी आधी ते कुणीतरी पाहून लिहून ठेवलेले असावे लागते.

काठावर हक्क सांगणारे आणखीही आहेत. पाणी हटलेल्या जमिनीवर गाळपेर होते. बुडीत क्षेत्रात ज्यांची वावरे गेली त्यांना या ओल्या, खतावलेल्या मातीचे मोल कुणी सांगायला नको. 2018-19च्या दुष्काळात तर चारा पिकवण्यासाठी राज्य सरकारने गाळपेर जमिनी नाममात्र दराने देऊ केल्या होत्या. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ उपसून शेतात टाकला जातो. दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या फायद्याच्या आहेत आणि त्यांना विरोध करणारा पक्षिमित्र गावात फार दिवस टिकणार नाही, टिकूही नये. प्रश्न फक्त कसा आणि कुठे याचा आहे. पोकलेनने काठ सरळ कापून खोल खड्डा केला, तर पाणी उतरले तरी चिखल उघडा पडत नाही, कडाच उरते. तलावाच्या एका बाजूचा, नाला येतो त्या बाजूचा, सौम्य उतार तसाच ठेवला तर गाळही मिळतो आणि टिलव्याचे ताटही राहते. गाळपेरीवर मारलेली औषधे थेट पाण्यात उतरतात, हेही लक्षात ठेवायला हवे. फवारणीचे विष काय करते हे या जिल्ह्याने 2017मध्ये शेतकरी-शेतमजुरांच्या मृत्यूंतून पाहिले आहे.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. 2017च्या पाणथळ जागांच्या केंद्रीय नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. म्हणजे पाखरे ज्याला पाणथळ मानतात त्या बेंबळ्याला, अरुणावतीला या नियमांचे कवच नाही. ईसापूरचे मात्र वेगळे आहे. पुसद तालुका आणि हिंगोली जिल्ह्याच्या हद्दीवर पैनगंगेच्या त्या विस्तीर्ण जलाशयाचा भाग 2014मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र 37 चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. मानवनिर्मित पाण्याला असे संरक्षण मिळू शकते याची महाराष्ट्रात जुनी उदाहरणेही आहेत. पैठणचे जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर तर बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेले, आणि जानेवारी 2020मध्ये तेच महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. या जागांना मान मिळाला त्यामागे अनेक वर्षांच्या नोंदी होत्या.

नोंदींचे महत्त्व आता देशपातळीवरही दिसले आहे. 2023मध्ये प्रसिद्ध झालेला 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल सुमारे 30,000 पक्षिनिरीक्षकांनी नोंदवलेल्या 3 कोटी निरीक्षणांवर उभा आहे आणि त्यात 942 जातींचा विचार झाला. त्यातला एक निष्कर्ष यवतमाळच्या काठाला थेट लागू पडतो. ज्या 14 जातींची संख्या 30 टक्के किंवा अधिक घटल्याने जागतिक लाल यादीत त्यांचा फेरविचार करावा असे अहवाल म्हणतो, त्यांत थापट्या बदक आहे, चक्रांग बदक आहे आणि साधा तुतवार आहे. आणि त्याच यादीत नीलपंखही आहे, जो इथल्या कुठल्याही विजेच्या तारेवर बसलेला असे. ही नावे दुर्मीळ पाखरांची नाहीत. 'ती काय, नेहमीचीच' म्हणून ज्यांची नोंद करायचे राहते, नेमकी तीच आहेत.

मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या रानात नोकरीची कितीतरी वर्षे काढली आणि मराठीला 'पक्षिकोश' दिला. जून 2025मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर, म्हणून 2020 पासून राज्यात या आठवड्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. शाळा-महाविद्यालयांतून फेऱ्या निघतात, स्लाइड शो होतात. हे सगळे चांगलेच आहे. पण नोव्हेंबरात यवतमाळचे जलाशय काठोकाठ असतात, चिखल पाण्याखाली असतो, आणि पाहुणे अजून येत असतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालत आलेली. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होते, भारत तिच्यात 2013 पासून आहे. त्यानंतर मात्र दुर्बिणी कपाटात जातात. ओहोटी खऱ्या अर्थाने सुरू होते, परतीचे थवे दक्षिणेकडून येऊन एक-दोन दिवस थांबून पुढे जातात, सुरय जागा धरतात, आणि नेमक्या त्या आठवड्यांची पाने वहीत कोरी राहतात.

ती पाने भरायला फार काही लागत नाही. 8 बाय 42ची एक साधी दुर्बीण, टोपी, पाणी, वही. सूर्य पाठीशी येईल अशा काठावर सातच्या आत पोचावे. साडेनऊनंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते आणि लांबची पाखरे धूसर होतात. चालत पुढे जाण्यापेक्षा खाली बसावे, पाखरे आपोआप जवळ येतात. पाखराने मान उंचावून चरणे थांबवले की आपण जास्त जवळ आलो असे समजावे आणि मागे व्हावे. ड्रोन उडवू नये. सुरयाच्या टापूवर पाय ठेवू नये. जाळी ओढणाऱ्या माणसाशी बोलावे, कारण कोणत्या दिवशी बदके उठली हे त्याला माहीत असते. दिसले ते सगळे लिहावे, वारकरी आणि टिटव्यासुद्धा, आणि जमतील तसे आकडे मांडावेत. काही दिसले नाही तर तेही लिहावे.

पावसाळा संपताना बेंबळा, अरुणावती, ईसापूर भरलेले असतात आणि पहिली बदके उतरू लागतात, तेव्हाच तयारी करावी. यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी, उमरखेडच्या महाविद्यालयांनी आणि निसर्गप्रेमी मंडळांनी आपापल्या जवळचा एकेक जलाशय वाटून घ्यावा. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत दर रविवारी सकाळी दोन तास तिथे द्यावेत, यादी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी, आणि तिची एक प्रत वनविभागाच्या आणि पाटबंधारे विभागाच्या स्थानिक कार्यालयात पोच घेऊन द्यावी.